एच-इंडेक्स, अतिसंवाहकता आणि होर्हे हिर्श: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होर्हे हिर्श हे नाव लोक दोन कारणांनी शोधतात. काहींना आपला एच-इंडेक्स, म्हणजे संशोधकाच्या निबंधांचा इतरांनी किती वापर केला हे एका आकड्यात सांगणारी मोजपट्टी, कसा काढायचा हे हवं असतं. काहींनी खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या अतिसंवाहकाच्या, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थाच्या, वादात हे नाव वाचलेलं असतं आणि हे गृहस्थ कोण, असा प्रश्न पडलेला असतो. माणूस एकच आहे, आणि त्याच्या संशोधनाची यादी नीट पाहिली तर त्यानेच काढलेल्या आकड्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिथेच दिसतात. म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

एच-इंडेक्स नेमका कसा काढतात?

संशोधकाचे सगळे शोधनिबंध उल्लेखांच्या, म्हणजे सायटेशनच्या, उतरत्या क्रमाने लावा आणि वरून मोजत या. निबंधाचा क्रमांक त्याला मिळालेल्या उल्लेखांपेक्षा मोठा व्हायला लागला की थांबा. त्याआधीचा क्रमांक म्हणजे एच. समजा सात निबंधांना ९०, ४०, १२, ७, ५, ५ आणि २ असे उल्लेख आहेत. इथे एच ५ येतो, कारण सहाव्या निबंधाला किमान सहा उल्लेख हवे होते आणि आहेत पाचच.

आता पहिल्या निबंधाच्या ९० च्या जागी ९,००० घाला. एच तरीही ५ च राहतो. एखाद्या चुकून गाजलेल्या निबंधाने आकडा फुगू नये, हा त्यामागचा हेतू. पण एखाद्या खरोखर थोर निबंधालाही या मोजणीत एका निबंधाइतकीच जागा मिळते. पुढची बरीच भांडणं इथूनच सुरू होतात.

तो कोणी मांडला, आणि अतिसंवाहकतेशी त्याचा काय संबंध?

होर्हे हिर्श यांनी, २००५ मध्ये, अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात. हिर्श मूळचे अर्जेंटिनाचे. शिकागो विद्यापीठात त्यांनी पीएचडी केली आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत प्राध्यापक झाले. ते ना ग्रंथालयशास्त्राचे, ना संख्याशास्त्राचे. घन पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनांचं वर्तन आणि त्यातही अतिसंवाहकता हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यामुळे २००५ च्या त्या छोट्या निबंधात उदाहरणादाखल आलेली माणसंही भौतिकीतली, आणि त्यातली बरीच याच शाखेतली आहेत.

त्या निबंधात कोणाचे आकडे होते?

सगळ्यात वर एडवर्ड विटन, एच ११०. ते स्ट्रिंग सिद्धांताचे. त्यानंतर विद्युतवाहक पॉलिमरवाले अॅलन हीगर, १०७. अतिसंवाहकतेशी नातं असलेल्यांत मार्व्हिन कोहेन ९४, फिलिप अँडरसन ९१, झॅकरी फिस्क आणि डग्लस स्कालापिनो प्रत्येकी ७५, ब्रायन मेपल ६६. स्टीफन हॉकिंग ६२ वर होते, आणि लोकांना हाच आकडा जास्त लक्षात राहिला. हे सगळे २००५ चे आकडे आहेत, आजचे नव्हेत.

हिर्श यांनी ढोबळ पट्ट्याही सुचवल्या होत्या. अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन विद्यापीठात कायम नेमणुकीसाठी एच सुमारे १२, पूर्ण प्राध्यापकपदासाठी सुमारे १८, नॅशनल अकॅडमीच्या सदस्यत्वासाठी ४५ च्या आसपास. त्याआधीच्या वीसेक वर्षांतल्या भौतिकीच्या नोबेल मानकऱ्यांपैकी ८४ टक्क्यांचा एच किमान ३० होता, हेही त्यांनी दाखवलं. आपण एक मोजपट्टी सुचवतो आहोत, एवढाच त्यांचा सूर होता. निवड समित्यांनी तिची चाळणी केली.

मग खुद्द हिर्श यांची संशोधनाची यादी कशी दिसते?

यादीचे साधारण तीन थर आहेत आणि ते एकमेकांशी फारसे बोलत नाहीत.

पहिला थर १९८० च्या दशकातला, संगणकाच्या साहाय्याने केलेला. हबर्ड मॉडेल हे जाळीवर उड्या मारणाऱ्या आणि एकमेकांना ढकलणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं साधंसं दिसणारं पण सोडवायला महाकठीण गणित. १९८३ मध्ये हिर्श यांनी ते मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे संगणकावर यादृच्छिक नमुने घेऊन, सोडवणं सोपं करणारं एक रूपांतर मांडलं. १९८५ मध्ये द्विमितीय हबर्ड मॉडेलवर सविस्तर निबंध आला. जाळीत प्रत्येक जागी सरासरी एक इलेक्ट्रॉन असेल तर तिथे प्रतिलोहचुंबकी रचना, म्हणजे शेजारशेजारच्या इलेक्ट्रॉनांची फिरकी (स्पिन) आलटून पालटून उलट असलेली मांडणी, तयार होते, हे त्यात दिसलं. पुढच्याच वर्षी ताम्र ऑक्साइडांमधली उच्च तापमानाची अतिसंवाहकता सापडली, तिची बैठक नेमकी अशाच द्विमितीय प्रतिलोहचुंबकी थरांवर होती, आणि सगळ्या जगाला हबर्ड मॉडेल हवं झालं. निबंध आधीच तयार होता. याला नशीब म्हणायचं की दूरदृष्टी, ते ज्याचं त्याने ठरवावं, पण उल्लेखांच्या हिशेबात वेळेचा वाटा किती मोठा असतो ते यातून कळतं. १९८६ मध्ये रिचर्ड फाय यांच्यासोबत केलेली हिर्श-फाय ही गणनपद्धत १९९० च्या दशकात डायनॅमिकल मीन-फील्ड थिअरी ही अशा इलेक्ट्रॉनांचं गणित सोडवण्याची रीत पुढे आल्यावर घरोघरी पोचली. पद्धती आणि साधनं देणाऱ्या निबंधांना उल्लेख भरपूर मिळतात, कारण साधन वापरणाऱ्याला नाव लिहावंच लागतं.

दुसऱ्या थरात एकच ठळक निबंध आहे, १९९९ चा, स्पिन हॉल परिणामावरचा. संवाहकातून प्रवाह वाहताना वेगवेगळ्या फिरकीचे इलेक्ट्रॉन विरुद्ध कडांना सरकतात, हा तो परिणाम. सोव्हिएत संघातल्या द्याकोनोव आणि पेरेल यांनी हीच कल्पना १९७१ मध्ये मांडली होती. हिर्श यांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि आजचं नाव दिलं. २००४ मध्ये प्रयोगात परिणाम दिसला, स्पिनट्रॉनिक्सची, म्हणजे इलेक्ट्रॉनांची फिरकी वापरणाऱ्या तंत्राची, लाट आली आणि हा निबंध प्रचंड उद्धृत झाला. विषय मात्र अतिसंवाहकता नाही.

तिसरा थर ते स्वतः सर्वात महत्त्वाचा मानतात: होल अतिसंवाहकता. १९८९ पासून, सुरुवातीला फ्रँक मार्सिग्लिओ यांच्याबरोबर आणि नंतर बरेचदा एकट्याने, त्यांनी यावर निबंधामागून निबंध लिहिले. उल्लेखांच्या तक्त्यात हा थर पहिल्या दोघांच्या खूप खाली आहे.

थोडक्यात, मोजणीत त्यांना वर ठेवणारं काम एक आणि ज्यासाठी ते भांडतात ते दुसरंच.

होल अतिसंवाहकता म्हणजे काय?

धातूतला प्रवाह काही पदार्थांत इलेक्ट्रॉन वाहतात, काहींत जवळजवळ भरलेल्या ऊर्जापट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, म्हणजे होल. हिर्श यांचं म्हणणं असं की कोणत्याही पदार्थात अतिसंवाहकता यायला वाहक होलच लागतात, आणि अतिसंवाहकतेला लागणाऱ्या वाहकांच्या जोड्या जमतात त्या प्रचलित सिद्धांत म्हणतो तशा अणूंच्या जाळीच्या कंपनांमुळे नव्हे, तर जोडी जमल्याने वाहकांची गतिज ऊर्जा कमी होते म्हणून. पदार्थ अतिसंवाहक होताना ऋण प्रभार आतून बाहेरच्या पृष्ठभागाकडे ढकलला जातो, असंही त्यांचं गणित सांगतं. अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर फेकतो, हा १९३३ चा माइस्नर परिणाम प्रचलित सिद्धांताने खऱ्या अर्थाने समजतच नाही, हा त्यांचा जुना आणि ठाम आरोप आहे.

प्रचलित सिद्धांत म्हणजे १९५७ चा बीसीएस: बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचा. त्याला १९७२ चं नोबेल मिळालं आणि पारा, शिसं, अॅल्युमिनियम यांसारख्या धातूंत तो उत्तम लागू पडतो, असं या क्षेत्रातले जवळपास सगळे मानतात. ताम्र ऑक्साइडांत जोड्या कशामुळे जमतात यावर मात्र अजून एकमत नाही. हिर्श यांचा झगडा ताम्र ऑक्साइडांपुरता नाही. शिशाबाबतही बीसीएस चुकला आहे, असं ते म्हणतात. म्हणूनच ते एकटे पडले आहेत.

उल्लेख कमी म्हणजे सिद्धांत चूक, असं समजायचं का?

नाही. पण उल्लेख कमी म्हणजे दडपलेलं सत्य, असंही समजू नका. निबंध इतरांच्या कामात किती वापरला गेला, एवढंच उल्लेख सांगतो. बीसीएसला पर्याय देणाऱ्या सिद्धांताने समस्थानिक परिणामापासून (अणूंचं वजन बदललं की अतिसंवाहकतेचं तापमान बदलणं) टनेलिंगच्या वर्णपटापर्यंत (पातळ थरातून पलीकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची मोजमापं) सगळं पुन्हा समजावून द्यायला हवं, आणि ते ओझं मोठं आहे. माझ्या मते होल सिद्धांताने ते अजून पेललेलं नाही. हे मत मी त्या निबंधांच्या आशयावरून बनवलं आहे, त्यांच्या उल्लेखसंख्येवरून नव्हे.

हायड्राइडच्या, म्हणजे हायड्रोजनच्या संयुगांच्या, वादात हिर्श यांचं नाव का येतं?

कारण तिथे त्यांनी विचारलेले प्रश्न बरोबर ठरले, आणि तेही बऱ्याच लोकांना ते विचारणारा आवडत नसताना.

आधी पार्श्वभूमी. हायड्रोजन प्रचंड दाबाखाली धातू झाला तर तो उच्च तापमानाला अतिसंवाहक होईल, असं नील अॅशक्रॉफ्ट यांनी १९६८ मध्ये एका छोट्या निबंधात लिहिलं. २००४ मध्ये त्यांनी सुधारणा सुचवली: शुद्ध हायड्रोजनऐवजी हायड्रोजनबहुल संयुगं घ्या, दाब कमी पुरेल. २०१५ मध्ये जर्मनीतल्या माइंत्स इथल्या मिखाईल एरेमेट्स यांच्या गटाने हायड्रोजन सल्फाइडात सुमारे १५५ गिगापास्कल दाबाला, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे पंधरा लाख पटीला, २०३ केल्विनपर्यंत (सुमारे उणे ७० अंश सेल्सियस) अतिसंवाहकता नोंदवली. २०१९ मध्ये लँथनम हायड्राइड २५० केल्विनच्या घरात पोचलं. अॅशक्रॉफ्ट यांचे जुने निबंध एकदम प्रत्येक संदर्भयादीत दिसू लागले.

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या रंगा डायस यांच्या गटाने नेचर या विज्ञान नियतकालिकात जाहीर केलं की कार्बन, गंधक आणि हायड्रोजनचं एक संयुग २६७ गिगापास्कलला तब्बल २८७.७ केल्विनवर, म्हणजे जवळपास १५ अंश सेल्सियसला, अतिसंवाहक होतं. दाब पृथ्वीच्या केंद्रातल्या दाबाच्या पाऊणपट, पण तापमान एखाद्या गार खोलीचं. जगभर बातमी झाली.

हिर्श यांचा आक्षेप चुंबकीय मोजमापांवर होता. अशा सूक्ष्म नमुन्यातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की भोवतालच्या उपकरणाची पार्श्वभूमी वजा करावी लागते. ती कशी वजा केली, मूळ आकडे कुठे आहेत, हे ते विचारत राहिले. कच्चे आकडे हाती यायला एक वर्षाहून अधिक काळ गेला. मग जिनिव्हाचे डर्क फान डर मारेल आणि हिर्श यांनी मिळून दाखवलं की छापलेली वक्ररेषा म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची एक रेषा आणि एक गुळगुळीत रेषा यांची बेरीज दिसते, आणि प्रयोगातून असं काही येणं समजत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नेचरने तो निबंध मागे घेतला. लेखकांची त्याला संमती नव्हती. मार्च २०२३ मध्ये त्याच गटाने नायट्रोजन मिसळलेल्या लुटेशियम हायड्राइडाचा आणखी धाडसी दावा केला, २९४ केल्विन आणि अवघा एक गिगापास्कल. तोही नोव्हेंबर २०२३ मध्ये मागे घेतला गेला, या वेळी ११ पैकी आठ लेखकांच्या विनंतीवरून. २०२४ मध्ये विद्यापीठाच्या चौकशीचा निष्कर्ष बाहेर आला: संशोधनात गैरवर्तन झालं होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हिर्श फक्त या गटावर थांबले नाहीत. सगळ्याच हायड्राइडांमधल्या अतिसंवाहकतेवर त्यांचा संशय आहे आणि एरेमेट्स यांच्या मोजमापांवरही त्यांनी टीका केली आहे. तिथे क्षेत्रातले बहुतेक लोक त्यांच्याशी सहमत नाहीत. २०२० च्या निबंधाबद्दलचा त्यांचा संशय खरा ठरला म्हणून बाकीचे सगळे संशय आपोआप खरे ठरत नाहीत.

मागे घेतलेल्या निबंधाचे उल्लेखही मोजले जातात का?

सहसा हो. उल्लेख मोजणारा डेटाबेस उल्लेख का केला ते पाहत नाही. "अमुक यांचा दावा आम्हाला पुन्हा करता आला नाही" असं लिहिणाराही तो निबंध संदर्भयादीत घालतोच. बेल लॅब्जमधल्या यान हेंड्रिक शोन यांचं प्रकरण जुनं उदाहरण आहे. त्यांनी फुलरीनच्या (कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूंच्या) स्फटिकांत आधी ५२ आणि मग ११७ केल्विनला अतिसंवाहकता मिळाल्याचं छापलं होतं. इतरांना ते जमेना. माल्कम बीसली यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००२ मध्ये २४ आरोपांपैकी १६ बाबतीत गैरवर्तन ठरवलं आणि निबंध ओळीने मागे घेतले गेले. तोवर त्यांना उल्लेखांचा पाऊस पडून गेला होता.

मोजकेच निबंध लिहून मोठं काम केलेल्यांचं काय होतं?

एच-इंडेक्सच्या हिशेबात त्यांचं काही खरं नाही. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये, केंब्रिजमध्ये संशोधक विद्यार्थी असताना, वयाच्या बाविसाव्या वर्षी, दोन अतिसंवाहकांमधल्या पातळ विद्युतरोधक थरातून जोड्या कशा पलीकडे जातात ते दाखवलं. आजची स्क्विड ही अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणं, व्होल्टचं प्रमाण आणि क्वांटम संगणकातले अतिसंवाहक क्यूबिट या सगळ्यांच्या मुळाशी तो एक छोटा निबंध आहे. १९७३ चं नोबेल मिळालं. पण जोसेफसन यांचे भौतिकीतले निबंध थोडेच, आणि एच निबंधांच्या संख्येपलीकडे कधीच जाऊ शकत नाही.

बेडनोर्त्स आणि म्युलर यांचंही तसंच. १९८६ चा त्यांचा ताम्र ऑक्साइडांवरचा निबंध फारसा झगमगाट नसलेल्या एका जर्मन नियतकालिकात आला आणि शीर्षकातच "शक्यता" हा शब्द ठेवून आला. पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. हजारो उल्लेख असलेला तो निबंध त्यांच्या एचमध्ये फक्त एकाने भर घालतो.

बीसीएसचा मूळ निबंध आता फारसा कोणी उद्धृत का करत नाही?

अजूनही करतात, पण त्याच्या वापराच्या मानाने कमीच. कल्पना पाठ्यपुस्तकात गेली की तिचं नाव संदर्भयादीतून गळतं. अतिसंवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीला "कूपर जोडी" लिहिताना कूपर यांचा १९५६ चा निबंध कोण शोधून लिहितो? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही प्रवृत्ती फार पूर्वीच टिपली होती. उलट सूत्र थेट वापरावं लागलं की उल्लेख टिकतो. क्रांतिक तापमानाचा, म्हणजे ज्याखाली पदार्थ अतिसंवाहक होतो त्या तापमानाचा, अंदाज करणारं मॅकमिलन यांचं १९६८ चं सूत्र आणि अॅलन व डाइन्स यांनी १९७५ मध्ये केलेली त्याची सुधारणा हायड्राइडांच्या बहुतेक संगणकी अभ्यासांत येते. म्हणून ते निबंध आज बहरात आहेत.

गूगल स्कॉलर आणि स्कोपस वेगळे आकडे का दाखवतात?

कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. गूगल स्कॉलर प्रीप्रिंट (नियतकालिकात छापण्याआधी खुले केलेले निबंध), प्रबंध, पुस्तकं, सगळं गोळा करतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस निवडक नियतकालिकांपुरते राहतात. एकाच संशोधकाचा आकडा गूगलवर बरेचदा सर्वात मोठा दिसतो. कोणाची तुलना करायची असेल तर दोघांचे आकडे एकाच ठिकाणाहून आणि एकाच दिवशी घ्या. आणि नाव सामान्य असेल तर यादीत भलत्याच कोणाचे निबंध शिरले नाहीत ना, तेही पाहा.

स्वतःच स्वतःचे उल्लेख करून एच वाढवता येतो का?

येतो, थोडासा. एचच्या उंबरठ्यावर असलेल्या दोन-चार निबंधांना आपल्याच पुढच्या निबंधातून एकेक उल्लेख दिला की काम होतं. हिर्श यांना २००५ मध्येच याची जाणीव होती. मात्र स्वतःचा उल्लेख हा नेहमी लबाडीच असतो असं नाही. तीस वर्षं एकाच सिद्धांतावर काम करणारा आधीच्या कामाचा उल्लेख करणारच.

एकूण उल्लेखसंख्येपेक्षा एच वेगळं काही सांगतो का?

वाटतं त्यापेक्षा कमी सांगतो. अलेक्झांडर याँग या गणितज्ञाने २०१४ मध्ये पूर्णांकांच्या विभाजनांच्या (एक संख्या किती प्रकारे बेरजेत मोडता येते याच्या) गणितातून दाखवलं की एच ढोबळमानाने एकूण उल्लेखांच्या वर्गमुळाच्या ०.५४ पट येतो. म्हणजे एकूण १०,००० उल्लेख असलेल्याचा एच ५४ च्या आसपास. खुद्द हिर्श यांनीही एकूण उल्लेख एचच्या वर्गाच्या तीन ते पाच पट असतात, असं निरीक्षण नोंदवलं होतं, आणि दोन्ही गोष्टी जुळतात. त्यामुळे या सूत्राच्या जवळ बसणाऱ्या एचमधून नवीन काही कळत नाही. फरक मोठा असेल तरच थांबून पाहा. एच अपेक्षेपेक्षा खूप कमी असेल तर बहुधा एखादा महागाजलेला निबंध सापडतो.

हिर्श यांनी स्वतःच एच-इंडेक्सवर टीका केली, हे खरं का?

खरं. २०२० च्या सुरुवातीला अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या एका वार्तापत्रात त्यांनी लिहिलं की हा आकडा साफ फसू शकतो आणि त्याचे आपल्याला न सुचलेले वाईट परिणाम झाले आहेत. तक्रार त्यांच्या आयुष्यातूनच आली होती: बीसीएस मान्य करणाऱ्यांच्या हाती मोठे एच आहेत, त्यांचेच अभिप्राय वजनदार ठरतात, आणि मुळावर प्रश्न विचारणाऱ्याचे निबंध ना छापले जातात ना उद्धृत होतात. ही तक्रार अर्धी त्यांच्या सिद्धांताची वकिली आहे हे उघड आहे. उरलेली अर्धी मात्र सिद्धांत चूक असला तरी लागू पडते. त्याआधी, २०१९ मध्ये, निबंधातलं नेतृत्व कोणाचं होतं हे मोजणारा एच-अल्फा नावाचा उपनिर्देशांकही त्यांनी सुचवला होता. तो फारसा रुळला नाही.

मग अतिसंवाहकतेतल्या एखाद्या संशोधकाची यादी वाचायची कशी?

आधी एच बाजूला ठेवा आणि सर्वाधिक उल्लेखांचे पाच निबंध उघडा. ते मूळ शोध आहेत, आढावे आहेत की साधनं आहेत? रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्समधल्या एका चांगल्या आढाव्याला कित्येक मूळ शोधांपेक्षा जास्त उल्लेख मिळतात, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा. मग लेखकांची यादी पाहा. या क्षेत्रात पदार्थाचा स्फटिक वाढवणारा गट एक, मोजणारा दुसरा, गणित करणारा तिसरा असतो. उत्तम स्फटिक इतरांना पुरवणाऱ्याचं नाव दोनशे निबंधांवर येऊ शकतं, आणि त्यात गैर काहीच नाही, फक्त तो आकडा सिद्धांतकाराच्या आकड्याशेजारी ठेवू नका.

प्रयोगाचा दावा असेल तर एकच प्रश्न सर्वात जड: दुसऱ्या प्रयोगशाळेने तो पुन्हा केला का? विजेला होणारा विरोध शून्यावर आला आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर फेकलं गेलं, असे दोन्ही पुरावे वेगवेगळ्या हातांनी मिळाले का? जुलै २०२३ मध्ये एलके-९९ नावाच्या पदार्थाचे दोन प्रीप्रिंट आले, काही दिवसांत ते शेकडो लोकांनी वाचले, उद्धृत केले, आणि काही आठवड्यांत कळलं की विरोधातली ती उडी त्यात मिसळलेल्या ताम्र सल्फाइडाची होती. उल्लेख राहिले, अतिसंवाहकता गेली.

एच कधी कमी होतो का?

व्यवहारात नाही. डेटाबेसमधली चूक दुरुस्त झाली तरच. संशोधक निवृत्त झाला, विषय बदलला, तरी तो वाढतच राहतो. अँडरसन २०२० मध्ये गेले आणि अॅशक्रॉफ्ट २०२१ मध्ये. दोघांच्याही निबंधांना आजही नवे उल्लेख मिळत आहेत.